शकुंतला मूर्तिजापूरला गेली : लहानग्यांचे बोल आणि आपले वाङ्मय

आमच्यापैकी एकाच्या लहानपणीचा प्रसंग आहे. आजी रात्री शकुंतलेची गोष्ट सांगत होती. दुष्यंत राजा राजधानीत गेला, शापामुळे शकुंतलेला विसरला, ती दरबारात गेली तर त्याने ओळखच दिली नाही, इथपर्यंत गोष्ट आली. आजीचा गळा दाटून आला होता. तेवढ्यात पाच वर्षांच्या नातवाने गंभीरपणे विचारले, "मंग ते मुर्तिजापूरले गेली काय?" आजीला हसू आवरेना. पुढची कित्येक वर्षे घरी पाहुणे आले की हा किस्सा सांगितला जाई आणि तो नातू प्रत्येक वेळी ओशाळून आत निघून जाई.

यवतमाळबाहेरच्या वाचकांसाठी खुलासा केला पाहिजे. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणाऱ्या अरुंद रुळांच्या आगगाडीला सारा मुलूख 'शकुंतला' म्हणत असे. विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या व्यवस्थापनाखाली, वऱ्हाडचा कापूस मुख्य लोहमार्गापर्यंत नेण्यासाठी ही गाडी सुरू झाली. आता ती बंद आहे. पण त्या मुलाच्या लहानपणी ती रोज धावत असे. त्याच्या जगात शकुंतला एकच होती. ती यवतमाळहून निघे आणि मूर्तिजापूरला पोहोचे. राजाने ओळखले नाही तर ती आणखी कोठे जाणार?

लहान मुलांच्या अशा बोलांवर आपण हसतो, ते घरोघर सांगतो आणि विसरून जातो. वाङ्मयाच्या अभ्यासकाला मात्र येथे एक ऐतिहासिक प्रश्न दिसावा असे आम्हांस वाटते. लहान मुलाचे हे वाक्य आपल्या वाङ्मयात कोणी ऐकले, कधी ऐकले, आणि ऐकल्यावर त्याचे काय केले? या प्रश्नाचा माग काढताना पुन्हा शकुंतलेपाशीच यावे लागते.

कालिदासाच्या 'अभिज्ञानशाकुंतला'तील सातवा अंक सर्वांच्या परिचयाचा आहे. मारीचाच्या आश्रमात सिंहाच्या छाव्याशी खेळणारा सर्वदमन दुष्यंताला दिसतो. छावा सोडावा म्हणून तापसी मुलाला मातीचा रंगीत मोर आणून देते आणि या पक्ष्याचे लावण्य पाहा असे सांगते. 'शकुंत' म्हणजे पक्षी. तापसीच्या प्राकृत बोलण्यात 'शकुंत' आणि 'लावण्य' हे शब्द एकमेकांत मिसळतात, मुलाला त्यांत आपल्या आईचे नाव ऐकू येते, आणि मोराकडे न पाहता तो आई कोठे आहे म्हणून इकडेतिकडे शोधू लागतो. तापसी हसतात, नावाच्या सारखेपणाने आईवेडा फसला असे म्हणतात. परंतु बाजूला उभा असलेला राजा हसत नाही. त्याला या चुकीतून एक नाव मिळते. ओळखीचा पुढचा सारा प्रवास त्या नावापासून सुरू होतो.

१८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले तेव्हापासून ही कथा मराठी माणसाच्या कानात बसली आहे. पण एका बालकाच्या ऐकण्यातल्या चुकीवर नाटकाचा शेवट उभा आहे, याकडे आपण क्वचितच लक्ष देतो. कवीला मुलाच्या तोंडी एखादे शहाणपणाचे वाक्य सहज घालता आले असते. त्याने तसे केले नाही. त्याने मुलाला मुलासारखे चुकू दिले.

दुसरे उदाहरण आमच्या विदर्भातले आहे. भवभूती हा आठव्या शतकातील कवी पद्मपूरचा. हे गाव आजच्या गोंदिया जिल्ह्यातील आमगावजवळचे पद्मपूर होय, असे म. म. वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले. त्याच्या 'उत्तररामचरिता'च्या चौथ्या अंकात वाल्मीकींच्या आश्रमातील बटू धावत येतात. रामाच्या अश्वमेधाचा घोडा आश्रमाजवळ आला आहे. या मुलांनी घोड्याचे नुसते नाव ऐकलेले असते, डोळ्यांनी तो प्रथमच पाहिलेला. मग ती लवाला त्याचे वर्णन करून सांगतात : त्याला मागे मोठे शेपूट आहे आणि तो ते सारखे हलवतो, मान लांब आहे, खूर चारच आहेत, तो गवत खातो आणि आंब्याएवढ्या लेंड्या टाकतो. एवढे सांगून ती लवाला ओढतच नेतात, कारण घोडा दूर चालला आहे आणि वर्णनात वेळ घालवणे त्यांना परवडणारे नाही.

करुणरसाचा सम्राट म्हणून ज्याची ख्याती, त्या कवीने रामसीतेच्या दुःखाच्या ऐन मध्यावर हे वर्णन ठेवले आहे. मुलांची नजर काय टिपते ते पाहण्यासारखे आहे. राजाचे वैभव, यज्ञाचे माहात्म्य, घोड्याची जात यांपैकी कशाचीच त्यांना दखल नाही. शेपूट, खूर, गवत आणि लेंड्या एवढेच त्यांना दिसते, आणि लेंडीचे माप घ्यायला आश्रमातला आंबा हाताशी आहे. अनोळखी वस्तू ओळखीच्या मापाने मोजायची, ही बालबुद्धीची मूळ रीत येथे नेमकी पकडली आहे. सर्वदमनाने ओळखीचे नाव अनोळखी वाक्यात ऐकले. बटूंनी ओळखीचा आंबा अनोळखी जनावरापाशी ठेवला. आमच्या मित्राने ओळखीचे स्टेशन पुराणकथेत बसवले. तिन्ही ठिकाणी व्यापार एकच आहे. एक योगायोगही नोंदवण्याजोगा आहे. दोन्ही नाटकांत बालकांच्या या निरागस बोलण्यानंतरच दुरावलेल्या बाप-लेकांच्या भेटीची वाट उघडते.

मराठी वाङ्मयात आल्यावर चित्र बदलते. ज्ञानेश्वरीत बालकाच्या बोबड्या बोलांचा आणि वाकड्यातिकड्या पावलांचा दृष्टांत येतो. ते पाहून आई रिझते, तसे श्रोत्यांनी आपले बोलणे गोड मानून घ्यावे, अशी ती विनवणी आहे. संतकवींनी कृष्णाच्या बाळक्रीडा मायेने गायिल्या. अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपूरचे गोविंदप्रभू तर लहान मुलासारखे, वेड्यासारखे वागत आणि बोलत; म्हाइंभटाच्या ऋद्धिपूरचरित्रात त्या लीळा अतिशय जिवंतपणे नोंदवल्या आहेत. मात्र या सर्व ठिकाणी बालपण ही प्रौढाने घेतलेली भूमिका आहे. ज्ञानेश्वर विनयासाठी बोबडे होतात, गोविंदप्रभूंच्या बालवृत्तीत भक्त ईश्वर पाहतात. बोबडेपणाला येथे प्रतिष्ठा मिळाली हे खरे. पण एखाद्या साध्या घरातले साधे मूल नेमके काय बोलले, याची नोंद करण्याचे कारण त्या वाङ्मयाला नव्हते.

एकोणिसाव्या शतकात मुलांसाठी म्हणून स्वतंत्र वाङ्मय निर्माण झाले. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ साली 'बालबोध' मासिक सुरू केले आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे १९१४ पर्यंत, ते निष्ठेने चालवले. चरित्र, कविता, निबंध आणि शास्त्रीय माहिती असा त्याचा साचा होता. १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपटे यांचे 'आनंद' मासिक निघाले. या मंडळींचे ऋण फार मोठे आहे. मराठी मुलाच्या हाती त्यांनी प्रथमच त्याच्यासाठी लिहिलेले काही दिले. तरीही एक गोष्ट स्पष्टपणे म्हणावी लागेल. या काळातील बालवाङ्मयात मूल हे प्रामुख्याने ऐकणारे आहे. त्याने काय व्हावे, काय वाचावे, कसे बोलावे हे मोठ्यांनी ठरवले आहे. बोलण्याची पाळी त्याच्यावर आली तरी तोंडातले वाक्य बहुधा लेखकाचे असते.

या परंपरेचे सर्वांत हृद्य उदाहरण म्हणजे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली साने गुरुजींची 'श्यामची आई'. आंघोळ झाल्यावर ओल्या तळव्यांना माती लागेल म्हणून श्याम हट्ट धरतो आणि आई त्याला धोंड्यावर आपला पदर पसरून देते, हा प्रसंग आपण सर्वांनी वाचला आहे. हट्टाचे तर्कशास्त्र अस्सल लहान मुलाचे आहे. आताच धुतलेले पाय पुन्हा मातीत ठेवायचे असतील तर धुतले कशाला? पण या प्रश्नापाशी आपल्याला थांबता येत नाही. पायांना जपतोस तसे मनालाही जप, असे आई सांगते आणि मुलाचा बोल संस्काराची पायरी बनतो. या उपदेशाची थोरवी आम्ही कमी लेखत नाही. मुलाचे बोलणे जसेच्या तसे ठेवून त्यापुढे क्षणभर गप्प राहणे मात्र अजून आपल्या वाङ्मयाला साधलेले नव्हते, एवढेच आमचे म्हणणे.

ते गप्प राहणे प्रथम शिक्षणाच्या क्षेत्रात आले. विवाहानंतर काही वर्षे अमरावतीला राहिलेल्या ताराबाई मोडक पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या कार्यात सामील झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले, १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या आणि नंतर अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये त्यांनी काम उभे केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, ही अंगणवाडीची कल्पना याच कामातून रुजली. शिक्षिकेने शिकवण्याआधी पाहावे आणि ऐकावे, हा या पद्धतीचा गाभा होता. भाषेच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की मुलाच्या वाक्याला उत्तर देण्याची घाई करू नये.

जगातही याच सुमारास हे ऐकणे सुरू झाले होते. डार्विनने आपल्या मुलाच्या वाढीच्या नोंदी १८७७ साली प्रसिद्ध केल्या. १९२३ मध्ये प्याजे यांचा मुलांच्या भाषेवरील ग्रंथ आला. रशियात कर्नेय चुकोव्स्की यांनी मुलांची गमतीदार वाक्ये वर्षानुवर्षे जमवली. 'दोन ते पाच' या त्यांच्या पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. दोन ते पाच वर्षांचे मूल भाषेच्या बाबतीत प्रतिभावंत असते, हे त्यांचे म्हणणे. १९५८ मध्ये जीन बर्को या अभ्यासिकेने मुलांना कधीच न ऐकलेले, बनावट शब्द देऊन त्यांची अनेकवचने करायला सांगितली, आणि मुलांनी ती नियमाप्रमाणे केली. मूल केवळ ऐकलेले परत म्हणत नाही, ऐकलेल्यातून नियम काढते, हे त्यातून सिद्ध झाले.

मराठी घरात हे रोज घडते. 'मी काम करलं', 'बाबा येला', 'ताई शाळेत जाली' असे मूल म्हणते आणि आपण हसून दुरुस्त करतो. वास्तविक हसलाचे 'हस', बसलाचे 'बस', तर करलाचे 'कर' हा हिशेब बिनचूक आहे. 'केला' आणि 'गेला' ही रूपे प्राकृतातून चालत आलेली, नियमाबाहेर राहिलेली रूपे आहेत. मूल व्याकरण पाळते आणि भाषा इतिहास पाळते. त्या दोहोंच्या अंतरातून आपले हसू उगवते.

मराठी कथेत हे ऐकणे पूर्णत्वाने उतरले ते प्रकाश नारायण संतांच्या 'वनवास' (१९९४) आणि त्यानंतरच्या पुस्तकांत. सीमाभागातील लंपन आपली गोष्ट आपल्या शब्दांत, आपल्या चुकांसह सांगतो आणि लेखक त्याच्या खांद्यावरून डोकावून खुलासा करीत नाही. या कथा वाचताना आपण हसतो ते लंपनच्या सोबत, आणि हा फरक फार मोलाचा आहे.

येथवरचा इतिहास वाचून कोणी म्हणेल, की आता सर्व ठीक झाले. मूल ऐकले जाऊ लागले. आम्ही ज्या जिल्ह्यात शिकवतो तेथून मात्र तसे दिसत नाही, आणि हा लेख लिहिण्याचे कारण तेच आहे.

वऱ्हाडी बोलीत 'ळ'चा उच्चार बहुधा 'य' होतो. डोळा हा डोया, काळा हा काया, शाळा ही शाया. पुण्यातले तीन वर्षांचे मूल 'शाया' म्हणाले तर ते बोबडे आहे; वर्षभरात त्याची जीभ वळेल. यवतमाळच्या खेड्यातले सहा वर्षांचे मूल 'शाया' म्हणाले तर ते मुळीच बोबडे नाही. त्याची आजी तसे म्हणते, आजीची आजी तसे म्हणत असे. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या मराठीविषयक खंडात, १९०५ साली, वऱ्हाडीचे नमुने रीतसर छापले गेले आहेत. पण वर्गात दोन्ही उच्चार एकाच हसण्याने स्वीकारले जातात. एका हसण्यात माया असते, कारण ते मूल मोठे होणार हे हसणाऱ्याला ठाऊक असते. दुसरे हसणे मुलाला सांगते, की तुझ्या घरातली मोठी माणसेसुद्धा अजून मोठी झालेली नाहीत.

वऱ्हाडी निदान मराठीची बोली आहे. जिल्ह्यात याहून दूरची घरे आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार यवतमाळची लोकसंख्या सुमारे २७ लाख ७२ हजार होती आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण साडेअठरा टक्क्यांच्या आसपास होते. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी या भागांतील कोलाम पोडांवर कोलामी बोलली जाते. ती द्राविड कुळातील भाषा असून एमेनो यांनी १९५५ मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला. पुसद, दिग्रस, दारव्हा या बाजूच्या तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते. तिचे नाते राजस्थानी बोलींशी आहे. आता या तीन घरांतली तीन मुले पहिलीच्या एका बाकावर बसली आहेत अशी कल्पना करा. मराठीच्या घरी तीन लिंगे आहेत : तो, ती, ते. गोरमाटीच्या घरी दोनच, पुल्लिंग आणि स्त्रीलिंग. कोलामीच्या घरी एकवचनात एका बाजूला पुरुष आणि दुसऱ्या बाजूला बाकी सारे, म्हणजे बाई, झाड, बैल, दगड. गुरुजींनी 'पुस्तक पडले' असे म्हणायला सांगितले, तर गोरमाटी मुलाने पुस्तकाला पुरुष किंवा स्त्री मानणे, अथवा कोलाम मुलाने आईसाठीही पुस्तकाचेच क्रियापद वापरणे, हे अगदी स्वाभाविक आहे. वर्ग हसतो. गुरुजी चांगले असतील तर तेही मायेने हसतात. पण 'करलं' म्हणणाऱ्या मुलाप्रमाणे हे मूलही नियमच पाळत असते. नियम घरचा असतो, एवढाच फरक.

हसण्याचा परिणाम आम्हांला पंधरा वर्षांनी दिसतो. तोंडी परीक्षेला समोर बसलेली विद्यार्थिनी लेखी उत्तरे उत्तम लिहिते, पण प्रश्न विचारला की एकेक शब्द तपासून बोलते. कारण विचारले असता एकीने सांगितले, की पहिलीत एका शब्दावर वर्ग हसला आणि त्यानंतर तिने वर्गात हात वर केला नाही. तो शब्द कोणता, हे तिने आम्हांला सांगितले नाही. शिक्षणहक्क कायद्याने २००९ मध्ये शक्य तेथवर मातृभाषेतून शिक्षणाचे तत्त्व मान्य केले, २०२० च्या शैक्षणिक धोरणाने ते पुन्हा मांडले, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जाही मिळाला. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु पहिलीच्या वर्गातले ते हसणे कोणत्याही राजपत्रात येत नाही. ते शिक्षकाच्या कानावर अवलंबून असते.

आणि तो कान आपल्याकडे नव्हताच असे नाही. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत वऱ्हाडात भुलाबाई बसतात. मुली टिपऱ्यांवर गाणी म्हणतात, आणि शेवटी झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा असतो. गोड की तिखट, ओला की कोरडा, असे विचारत एकेक मुलगी आपला अंदाज सांगते. बहुतेक उत्तरे चुकतात, काही तर भलतीच असतात, आणि हसू होते. पण चुकलेल्या मुलीच्या हातावरही खाऊ पडतोच. चुकीवर हसायचे आणि चुकणाऱ्याला वाटा द्यायचा, ही रीत आमच्या अंगणांनी कधीच शोधून ठेवली आहे. वर्गात ती पोहोचली नाही, इतकेच.

आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही अलीकडे एक लहानसे काम देतो. घरातल्या किंवा शेजारच्या लहान मुलाचे एक गमतीदार वाक्य जसे उच्चारले तसेच लिहून आणायचे, आणि त्याखाली ते मूल कोणत्या घरातून, कोणत्या भाषेतून, काय ऐकून ते बोलले असेल, याचा विचार मांडायचा. पहिली ओळ लिहायला सोपी असते. दुसरी लिहिताना वही बराच वेळ कोरी राहते. जमलेल्या वाक्यांवर वर्ग मनसोक्त हसतो. मात्र दुसरी ओळ वाचली जात असताना वर्ग शांत होतो, आणि क्वचित एखादा विद्यार्थी आपलेच लहानपणीचे वाक्य सांगून टाकतो.

सर्वदमनाच्या चुकीत त्याच्या आईचे नाव होते. तापसींनी ती चूक म्हणून ऐकली आणि दुष्यंताने नाव म्हणून ऐकली. 'शाया' म्हणणाऱ्या, लिंग चुकणाऱ्या, शकुंतलेला मूर्तिजापूरला पाठवणाऱ्या प्रत्येक मुलाच्या बोलण्यात त्याच्या घराचे नाव असेच दडलेले असते. शिकवणाऱ्याने हसावे, जरूर हसावे; पण हसून झाल्यावर ते नाव विचारून घ्यावे. आमच्या मित्राच्या आजीने त्या रात्री हसणे आवरल्यावर नातवाला काय उत्तर दिले, ते त्याला अजून आठवते. ती म्हणाली, "नाही रे बाबा, तवा रूळच नव्हते. पायीच गेली ते बिचारी."